संशय घेण्यास जागा नाही

आवाज गेला तेव्हा ताई वाक्याच्या ऐन मध्यावर होती.

डाव्या कानात डॉक्टरांचं रेकॉर्ड केलेलं डिक्टेशन चालू होतं आणि उजव्या कानात कॉम्प्युटरचा आवाज. ती टाइप करी ते अक्षर न अक्षर हा उजवा आवाज तिला वाचून दाखवी. एकोणिसाव्या वर्षी ताईची दृष्टी गेली, त्याला आता पंचवीस वर्षं होऊन गेली होती. त्यातली अकरा वर्षं ती या हॉस्पिटलच्या टायपिंगच्या खोलीत बसून डॉक्टर बोलतील ते रिपोर्ट टाइप करत आली होती. तिच्याइतका वेग आणि तिच्याइतकी सफाई तिथे दुसऱ्या कुणाच्या हाताला नव्हती. सही करताना डॉक्टर फक्त एवढंच विचारत, "ताईने केलाय ना?" आणि खाली न बघता सही ठोकत.

उजवा कान एकाएकी गप्प झाला. डावीकडे डॉक्टर आपले बोलतच होते. ताईने पायाखालचं पेडल सोडलं, डिक्टेशन थांबवलं. दोनचार बटणं दाबून पाहिली. काही नाही. न ऐकता एक अक्षरही टाइप करायचं नाही हा तिचा नियम होता, म्हणून ती उठली आणि भिंतीला हात लावत शेजारच्या खोलीत मदतीला कुणी आहे का ते बघायला गेली. तिथे सगळी चहाला गेलेली. आवाज परत सुरू व्हायला पंधरा मिनिटं लागली.

तेवढ्या पंधरा मिनिटांत व्हायचं ते झालं. टाइप केलेला मजकूर दर मिनिटाला आपोआप साठवला जाई आणि वॉर्डातल्या पडद्यावर दिसे. डॉक्टरांचं वाक्य होतं, 'यकृतात गाठ असल्याचा संशय घेण्यास जागा नाही.' ताईचं टाइप करून झालं होतं ते एवढंच: 'यकृतात गाठ असल्याचा संशय'. वॉर्डातल्या सिस्टरने ते वाचलं, पेशंटच्या बायकोने खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं, आणि ती बाई दोन तास जिन्यात बसून रडत होती.

संध्याकाळी मॅडमनी ताईला बोलावून घेतलं. मॅडम म्हणजे कार्यालयाच्या प्रमुख. वाईट बातमी सांगायची असली की त्या टेबलावरची पेनं सारखी करत बसत; त्यांचा खडखडाट ऐकूनच ताईने ओळखलं.

"ताई, चूक तुमची नाही, मला कळतंय," मॅडम म्हणाल्या. "पण हे महिनाभरातलं कितवं?"

"नववं."

"मग सांगा, मी काय करू? फोनच्या टेबलावर एक जागा रिकामी होतेय. पगार तोच. काम हलकं."

"मला हलकं काम नकोय, मॅडम. मला माझं काम हवंय."

"आणि पुन्हा असं झालं तर?"

"होणार नाही असं करून दाखवते. महिनाअखेरपर्यंत वेळ द्या."

मॅडमनी पेनं खाली ठेवली. "तुम्ही काय करणार त्यात? ते सगळं कुलुपाच्या हातात."

कुलूप म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या सर्व्हरचा राखणदार. हॉस्पिटलभर टेबलांवर नुसते पडदे आणि कीबोर्ड होते; खरं काम त्या एका मोठ्या सर्व्हरवर चाले आणि त्या सर्व्हरची एकूण एक किल्ली या गृहस्थाकडे. कुणी काही मागितलं की त्याचं पहिलं उत्तर 'नाही', दुसरं 'नियमात नाही', आणि तिसऱ्यांदा विचारायला सहसा कुणी थांबत नसे. आपल्याला कुलूप म्हणतात हे त्याला माहीत होतं आणि त्याला ते मुळीच लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई एकोणीस पायऱ्या उतरून त्याच्या खोलीत गेली. खोली थंडगार होती आणि पंख्यांची घरघर इतकी की बोलायचं तर आवाज चढवावा लागे.

"माझा आवाज कोण बंद करतं?" तिने विचारलं.

"कोणी नाही. मेमरी संपली की कर्नल बंद करतो. बसा. उजवीकडे स्टूल आहे." सर्व्हरच्या आत सगळ्या प्रोग्रामांवर हुकमत चालवणारा जो गाभा असतो, तो कर्नल. "सगळेच अडकून पडण्यापेक्षा एकाला बंद करतो आणि बाकीच्यांना चालू ठेवतो. नियम सगळ्यांना सारखा."

"सारखा? मग गेल्या महिनाभराची नोंद वाचून दाखवा बघू मला."

कुलुपाने नाखुशीने नोंदवही उघडली आणि तारखेवार वाचायला लागला. चारपाच ओळी झाल्यावर त्याचा आवाज मंदावला. मेमरी अकरा वेळा संपली होती आणि त्यातल्या नऊ वेळा बळी गेला होता तो ताईच्या आवाजाचाच.

"कर्नल सगळ्यात मोठा प्रोग्राम बघतो," तो जरा वेळाने म्हणाला. "तुमचा आवाज म्हणजे एकगठ्ठा मोठा. फोटोडॉक्टरांची स्कॅनची चित्रं त्याहून कितीतरी जास्त मेमरी खातात, पण त्यांचं प्रत्येक चित्र वेगळा प्रोग्राम. चाळीस लहान लहान. कर्नलला त्यातलं कुठलंच मोठं दिसत नाही. काय करणार, आंधळा न्याय…"

तो जीभ चावून थांबला. ताई खळखळून हसली.

"आंधळी मी आहे, आणि मला तरी यात न्याय दिसत नाही. या कर्नलबद्दल जे काही लिहिलेलं असेल ते सगळं मला पाठवा."

"हजार पानं आहेत."

"मी ऐकते. मिनिटाला चारशे शब्द ऐकते. पाठवा."

त्या संध्याकाळपासून ताईच्या स्वयंपाकघरात कर्नल आला. ती ओट्याशी भाजी चिरत असे आणि फळीवरचा छोटा कॉम्प्युटर भरभर पानांमागून पानं वाचत असे. आईला त्या वेगात एक अक्षर कळत नसे. कानावर फक्त मधूनमधून 'कर्नल' पडे. चौथ्या दिवशी तिला राहवेना.

"हा कर्नल कोण गं? सैन्यातला आहे का? रोज संध्याकाळी त्याचंच चाललेलं असतं. लग्नाचं वय गेलं म्हणून मी काही बोलत नाही, पण निदान सांग तरी!"

ताईला हसू आवरेना. सुरी खाली ठेवून तिने आईला सगळं समजावून सांगितलं. प्रत्येक प्रोग्रामला वाटतं की अख्खी मेमरी आपली एकट्याची आहे. खरं तर तो नुसता पत्त्यांचा नकाशा असतो. त्या पत्त्यावर प्रोग्राम प्रत्यक्ष लिहायला जातो तेव्हा कुठे कर्नल खरी जागा देतो. मागणारे मागतात पोतंभर आणि वापरतात मूठभर, म्हणून कर्नलही आपल्याकडे आहे त्याहून जास्त जागेचा शब्द देऊन बसतो. एरवी चालून जातं. पण सगळे एकदमच आले की त्याचं पितळ उघडं पडतं आणि मग तो एकाचा गळा धरतो.

आईने तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला होता. ताईची बोटं तिनेच तयार केली होती.

"मीही हेच करत होते," ती म्हणाली. "मशिनं वीस आणि मुली साठ घेतल्या होत्या. रोज पंधरासोळाच्या वर कधी कुणी यायचं नाही. पण परीक्षेच्या आठवड्यात साठच्या साठ दारात उभ्या!"

"मग गं? सगळ्यात जाड मुलीला बाहेर काढलंस?"

"चल, काहीतरीच! बॅचा पाडल्या. एका बॅचला वीस, त्यापुढे एकही नाही. नाव नोंदवतानाच सांगून टाकायचं, जागा नाही, पुढच्या बॅचला ये. मुलींना राग यायचा दारात, पण टाइप करता करता कुणाला उठवावं नाही लागलं."

ताईने चिरलेली भाजी तशीच ठेवली आणि कॉम्प्युटरला सांगितलं, मागचं पान पुन्हा वाच.

पुढच्या सोमवारी ती खाली गेली तेव्हा कुलुपाने आपणहून तोड काढून ठेवली होती. "तुमचा आवाज बंद करायच्या यादीतून वगळता येतो, ताई. एक आकडा बदलायचा. कर्नल त्याला कधीच हात लावणार नाही. झालं?"

अकरा वर्षांत कुलुपाच्या तोंडून कुणी 'हो' ऐकलं नव्हतं. ताईला क्षणभर मोह झाला. मग तिने विचारलं, "माझ्यानंतर पाळी कुणाची?"

"म्हणजे?"

"मेमरी तर संपणारच. मी नाही तर दुसरं कोण बंद पडणार?"

कुलुपाने बटणं दाबली. पंख्यांच्या घरघरीत बराच वेळ गेला. "वॉर्डातला औषधांच्या वेळा सांगणारा प्रोग्राम," तो हळू आवाजात म्हणाला.

"मग नको."

"ताई, तुमचं काम तर होतंय…"

"माझा आवाज बंद पडला की मला निदान कळतं तरी. तिथे सिस्टरच्या लक्षात यायच्या आत कुणाचं इंजेक्शन चुकलं तर? नको. मुळात जास्तीचा शब्द देणंच बंद करा. खऱ्या मेमरीत बसेल तेवढंच कबूल करायचं, आणि नाही म्हणायचं ते दारातच."

"अहो, नाही म्हटलेलं लोकांना चालत नाही."

"हे तुम्ही मला सांगताय?"

कुलूप पहिल्यांदा हसला. हसणं कसलं, नाकातून निघालेला एक फुसकारा. पण शनिवारी दुपारी, बाहेरचे पेशंट बंद असताना, करून बघायचं ठरलं.

शनिवारी त्याने कर्नलची मांडणी बदलली आणि सगळे प्रोग्राम पुन्हा सुरू केले. वॉर्डाचा सुरू झाला, औषधांचा झाला, फोटोंचाही झाला. ताई वर आपल्या टेबलाशी कानाला इअरफोन लावून वाट बघत होती. काहीच ऐकू येईना. पाच मिनिटांनी कुलूप धापा टाकत जिना चढून आला आणि तिच्या पडद्यावरची ओळ त्याने मोठ्याने वाचली, "'मागणी नाकारली.' ताई, तुमचा आवाज सुरूच होत नाहीये. त्याला लागते त्याच्या चौपट जागा तो आधीच मागून ठेवतो."

ताईच्या कानशिलांत रक्त चढलं. आठ दिवस ती फोटोडॉक्टरांच्या नावाने बोटं मोडत होती आणि पोतंभर मागणाऱ्यांत पहिला नंबर तिचा स्वतःचा!

"जुनी मांडणी परत लावू?" कुलुपाने विचारलं. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

ताईने थोडा विचार केला. तो आवाज तिने अकरा वर्षं ऐकला होता. बाईचा, मऊ, किंचित घोगरा. जोडाक्षरं इतकी गोड म्हणायचा की कधीकधी रुक्ष रिपोर्टसुद्धा ऐकत राहावासा वाटे. त्या गोडव्यासाठीच त्याला ढीगभर जागा लागत होती. कॉम्प्युटरमध्ये आणखी एक जुना आवाज होता. पत्र्याच्या डब्यातून कुणी बोलावं तसा, पण या आवाजाच्या दहाव्या हिश्शात मावणारा.

"परत नका लावू," ती म्हणाली. "हा काढून टाका. तो जुना लावा."

"कसा तरीच आहे हो तो."

"मला रिपोर्ट ऐकायचेत, गाणी नाही. लावा."

जुना आवाज सुरू झाला. पहिलाच शब्द त्याने असा खरवडून म्हटला की कुलुपाच्या अंगावर काटा आला. ताई मात्र टाइप करायला लागलीसुद्धा. घरी गेल्यावर तिला जरा रडू आलं. पण ते तिने आईलाही कळू दिलं नाही.

आता प्रश्न होता कुणाला किती द्यायचं याचा. कुलूप अंदाजाने आकडे घालायला निघाला होता; ताईने त्याला थांबवलं. आठवडाभर दर दहा मिनिटांनी प्रत्येक विभागाचा खरा वापर टिपायचा असं तिने ठरवून घेतलं आणि रोज संध्याकाळी ते आकडे पत्र्याच्या आवाजात ऐकले. सर्व्हरची मेमरी चौसष्ट जीबी. वॉर्ड आणि औषधं मिळून दहाच्या वर कधी गेली नाहीत. कार्यालय सहा. टायपिंगची खोली, आवाज धरून, दोन. आणि फोटो कधी वीस, कधी पंचेचाळीस.

ताई काठी घेऊन फोटोडॉक्टरांकडे गेली. अंतर्भागाची चित्रं बघून निदान करणारे हे डॉक्टर मोठे हुशार आणि तितकेच घाईचे.

"सर, आत्ता तुमच्या पडद्यावर किती चित्रं उघडी आहेत?"

"असतील दोनचार."

"त्रेचाळीस आहेत. त्यातली अकरा गेल्या मंगळवारची."

"शक्य नाही." माउसचा कडकडाट झाला. "अरेच्चा."

"मिटवत का नाही तुम्ही?"

"पुन्हा उघडायला वेळ जातो हो."

"किती?"

डॉक्टरांनी एक चित्र मिटवून पुन्हा उघडून पाहिलं. "सहा सेकंद," त्यांनी पडेल आवाजात कबूल केलं.

शेवटी मांडणी ठरली ती अशी. प्रत्येक विभागाचा एक गट आणि प्रत्येक गटाला हद्द. फोटोंना चाळीस. ते भरले तर त्यांच्यातलंच एखादं चित्र मिटेल, शेजारच्या विभागाला धक्का लागणार नाही. औषधांच्या गटात कधीच कुणी हात घालायचा नाही. ताईच्या आवाजाची चिमूटभर जागा मेमरीत पक्की, म्हणजे गर्दी झाली तरी कर्नल ती उचलून डिस्कवर ढकलणार नाही. आणि थोडी जागा खुद्द कर्नलसाठी, कारण त्यालाही श्वास घ्यायला जागा लागते.

पाच दिवस सुरळीत गेले. सहाव्या दिवशी सकाळी रस्त्यावर दोन गाड्यांची टक्कर झाली आणि नऊ जखमी एकदम आले. फोटोडॉक्टरांच्या पडद्यावर चित्रांचा पूर लोटला. साडेदहाला ते तरातरा टायपिंगच्या खोलीत शिरले. मागोमाग मॅडम.

"माझं चित्र माझ्या डोळ्यांदेखत मिटलं!" डॉक्टर ओरडले. "बाहेर सर्जन उभा आहे! ही हद्द कुणी घातली?"

"मी," ताई म्हणाली. तिने पेडल सोडलं, इअरफोन काढले. उजव्या इअरफोनातून पत्र्याचा आवाज बारीकसा बोलतच होता. "ते चित्र परत उघडलं का?"

"उघडलं, पण…"

"वॉर्डात काही बंद पडलं?"

मॅडम म्हणाल्या, "नाही. मी आत्ताच तिथून आले. सगळं चालू आहे."

"मला ते माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "मला एका पेशंटची आधीची आणि आत्ताची, दोन्ही मोठी चित्रं शेजारी शेजारी लागतात. दुसरं उघडलं की पहिलं जातं. अशाने मी तुलना कशी करू? हद्द काढून टाका!"

तेवढ्यात दारातून कुलुपाचा आवाज आला. कुणी बोलावलं नसताना तो वर आला होता. "हद्द निघणार नाही, सर. किल्ली माझ्याकडे आहे."

"थांबा," ताई म्हणाली. "सरांचं बरोबर आहे. अशी दोन मोठी चित्रं मोजणीच्या आठवड्यात एकदाही एकत्र आली नव्हती. माझा आकडा चुकला. किती कमी पडतंय?"

कुलुपाने तिच्याच टेबलावरून पाहिलं. "अडीच. तीन धरा."

"कर्नलची जागा ठेवून बाकी उरले ते किती?"

"दोन."

"ते द्या. आणि कार्यालयाच्या सहातला एक घ्या. मॅडम, तुमच्या खिडक्या जरा कमी उघड्या ठेवाव्या लागतील."

"घ्या," त्या म्हणाल्या.

आकडा बदलायला मिनिट लागलं नाही. डॉक्टर जाता जाता दारात घुटमळले. "आणि जुनी चित्रं मी मिटवतो. सर्जन थांबलाय म्हणून चिडलो, ताई."

"नऊजणांचे रिपोर्ट यायचेत, सर. बोलायला लागा, मी तयार आहे."

त्या दिवशी तिने दुपारच्या जेवणाला सुट्टी दिली आणि नऊच्या नऊ रिपोर्ट पुरे केले. आवाज एकदाही गेला नाही.

महिनाअखेरीस मॅडमनी ताईला आणि कुलुपाला एकत्र बोलावलं. फोनच्या टेबलावर दुसरं माणूस घेतल्याचं त्यांनी आल्या आल्याच सांगितलं. मग म्हणाल्या, "पलीकडच्या इमारतीतही हीच मांडणी करायची आहे. पण मला हे सगळं लिहून हवंय. उद्या तुम्ही दोघं नसलात तर कुणी येऊन पुन्हा घोळ घालायला नको."

दोघं सर्व्हरच्या खोलीत बसले. ताई सांगत होती, कुलूप टाइप करत होता. एक आकडा, त्याखाली त्याचं कारण, मग दुसरा आकडा. त्याची दोन बोटांची टकटक ऐकून ताईला राहवत नव्हतं, पण कीबोर्ड त्याचा होता. शेवटी तो थांबला.

"वर एक ओळ घालतो," तो म्हणाला. "'हे आकडे ताईंना विचारल्याशिवाय बदलू नयेत.'"

"खोडा ते."

"का? बरोबर तर आहे."

"माझा आकडा सहाव्या दिवशी चुकला ना? मला विचारून काय होणार? लिहा, 'आठवडाभर मोजल्याशिवाय बदलू नयेत.'"

कुलुपाने ती ओळ खोडली. मग त्याची बोटं पुन्हा सावकाश टकटकू लागली, आणि प्रत्येक अक्षर टाइप करता करता तो तिच्यासाठी ते मोठ्याने म्हणत गेला.